विहीणबाईंची थरथर

लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, दिवा गेला, पंखा थांबला, आणि अर्ध्या गुडगावला श्वास कसा घ्यायचा ते शिकवणाऱ्या माझ्या विहीणबाई स्वतः श्वास घ्यायच्या थांबल्या. जून महिना होता, दुपारचे दोन वाजलेले. लिफ्टची घंटा विजेवर चालणारी, म्हणजे नेमकी वीज गेल्यावर ती मुकी. मी दारावर हाताने थापा मारल्या, मग हातातल्या डब्याने मारल्या, "कोई है क्या" म्हणून ओरडले. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की ओरडणारी मी एकटीच आहे. अंधारात हात पुढे करून चाचपलं तर विहीणबाई कोपऱ्यात खाली बसलेल्या, फळीसारख्या ताठ. नाकाशी बोटं धरली. वारा लागेना. मग अगदी बारीकसा लागला, मग पुन्हा लागेना. "अहो विहीणबाई," मी म्हणाले, "आता थरथरा की. एरवी सगळ्या जगाला सांगता." त्या थरथरल्या नाहीत. ही बाई इथे माझ्यापुढे मरणार आणि तिला या पेटीत मी घातलंय, एवढंच मला त्या वेळी समजत होतं.

मी कसं घातलं ते सांगायचं तर आधी विहीणबाई सांगायला हव्यात. जगातलं झाडून सगळं दुखणं थरथरून जातं असं छातीठोक सांगणारी एवढी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. डोकं दुखतंय, थरथरा. साहेब रागावला, थरथरा. सून ऐकत नाही, सासू ऐकत नाही, झोप येत नाही, पोट साफ होत नाही, सगळ्याला एकच औषध. त्यांचं म्हणणं असं की माणसाला कधीकाळी भीती वाटते, धक्का बसतो, ते सगळं मनातून जातं पण अंगातून जात नाही. ते कुठेतरी दबा धरून बसतं, कुणाच्या मानेत, कुणाच्या कमरेत, कुणाच्या जबड्यात. मग तिथे दाबायचं, श्वास सोडायचा, आणि अंग आपोआप कापायला लागलं की कापू द्यायचं. हे ज्ञान त्यांना एका परदेशी बाईकडून पाच दिवसांत मिळालं होतं, एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात. तिने दिलेलं सर्टिफिकेट त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून दिवाणखान्यात लावलं होतं, जिथे आमच्याकडे गणपती असतो तिथे. मी चौथीपर्यंत शिकले, तेही मध्ये एक वर्ष बुडवून. मला काही शाळेचा कागद कुणी प्लॅस्टिकमध्ये घालून दिला नाही. पण पाच दिवसांत साधी भाकरी गोल येत नाही, हे मला माहीत आहे.

त्यांची माझी पहिली खरी ओळख लग्नाच्या मांडवात झाली, आणि तीही पायापासून. आमच्याकडे मुलीच्या आईने मुलाच्या आईचे पाय धुवायची रीत आहे. परातीत पाय ठेवायचे, दोन तांबे पाणी घालायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, मिनिटभराचं काम. लग्न डिसेंबरात, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीमागच्या हॉलमध्ये. दिल्लीची थंडी, फरशी बर्फासारखी. विहीणबाईंनी माझा पाय हातात घेतला आणि सोडलाच नाही. "किती गार आहेत हो," म्हणाल्या, आणि पाणी घालायचं टाकून तळवे चोळायला लागल्या. भटजी खाकरले. फोटोवाला तीनदा फोटो काढून थकला. विहीणबाईंनी टाचेत अंगठा रोवला आणि हळूच, म्हणजे पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल इतक्या हळू, मला म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या टाचांत फार भीती साठलीय."

"भीती नाही, भेगा आहेत," मी म्हणाले. "फरीदाबादच्या क्वार्टरमध्ये पंधरा वर्षं हापशाचं पाणी भरलंय. पाणी घाला आता."

त्यांनी आचाऱ्याकडून गरम पाणी मागवलं, पाय गरम झाल्यावरच उठल्या. मुहूर्त सहा मिनिटं पुढे गेला. आमचे हे कारखान्यात टर्नर होते, सुतासुताचा हिशोब बघणारे. ते त्या सहा मिनिटांचं पुढे पाच वर्षं बोलत होते.

तेव्हाचे दिवसच तसे होते म्हणा. आम्ही दिल्लीत आलो तेव्हा नोकरी म्हणजे भोंगा वाजला की जायचं आणि भोंगा वाजला की यायचं. आता परदेशी कंपन्या आल्या, आमचा मुलगा त्यातल्याच एकीत लागला, आणि भोंगा कायमचा बंद झाला. गुडगावला मोहरीच्या शेतात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, ज्यांच्या खिडक्या उघडत नाहीत. तिथे पोरं बारा-बारा तास बसून अमेरिकेतल्या लोकांची कामं करायची आणि घरी येऊन म्हणायची, मान वळत नाही. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर मोट हाकली, त्यांची मान मरेपर्यंत वळत होती. पण या न वळणाऱ्या मानांवर विहीणबाईंचा धंदा म्हणा, सेवा म्हणा, जोरात चालली. त्यांच्या सोसायटीच्या क्लब हाउसात मंगळवारी आणि शनिवारी वर्ग. मी एकदा सुनेच्या आग्रहाने बघायला गेले. वीसेक माणसं सतरंज्यांवर उताणी, गुडघे वर, डोळे मिटलेले, आणि सगळ्यांचे पाय लटलट कापताहेत. गिरणीचा पट्टा निसटल्यावर जातं जसं हलतं तसं. एका बँकेच्या मॅनेजरचं पोट वेगळंच हलत होतं, पायांशी त्याचा काही संबंध नव्हता. एक पंजाबी बाई रडत होती. कोपऱ्यातला एक जण घोरत होता, त्याच्याकडे बोट दाखवून विहीणबाई मला कौतुकाने म्हणाल्या, "बघा, किती खोल गेलाय."

वर्गात त्या एक दाखला नेहमी द्यायच्या. हरणामागे वाघ लागतो. हरीण वाचलं तर ते एका जागी उभं राहून थरथरतं, आणि मग काही झालंच नाही असं चरायला लागतं. माणूस मात्र थरथर दाबून टाकतो, म्हणून तो आजारी पडतो. सगळे माना डोलवायचे. मी म्हणाले, "आमच्या गावाला शेळीमागे लांडगा लागला होता. शेळी थरथरली, बिल्कुल तुमच्या हरणासारखी. पण आठ दिवस दूध दिलं नाही." वर्गात कुणी मराठी नव्हतं म्हणून विहीणबाईंची अब्रू वाचली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पण वाचली ना शेळी?"

"वाचली."

"मग झालं तर."

या बाईशी वाद घालायची हीच पंचाईत होती. तुम्ही दगड मारावा आणि तिने तो झेलून देवघरात ठेवावा.

आमच्या घरावरही त्यांनी प्रयोग केले. माझ्या मुलाची मान धरली होती. जावयाच्या मानेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "लहानपणी तुम्हाला कुणी मारायचं का?" आमच्या दिवट्याने डोळे मिटल्या मिटल्या माझ्याकडे बोट केलं. "आई. लाटण्याने." विहीणबाईंनी माझ्याकडे अशा काही दयेने पाहिलं की लाटणं जवळ असतं तर पुन्हा उचललं असतं. "आणि म्हणूनच हा बारावी सुटला," मी म्हणाले, "नाहीतर आज कुणाच्या कंपनीत मान अवघडायची सोय नव्हती." माझ्या भावाचा नातू तेव्हा मुनिरकेत एका खोलीत तिघांत राहून सरकारी मोठ्या परीक्षा द्यायचा. तीनदा नापास झालेला, दर रविवारी आमच्याकडे जेवायला. त्याला त्यांनी दिवाणावर झोपवून अर्धा तास थरथरवला. उठून तो म्हणाला, "आजी, एकदम हलकं वाटतंय," आणि अकरा पुऱ्या खाल्ल्या. विहीणबाई म्हणाल्या, बघा. मी म्हणाले, पुऱ्यांनी वाटलं असेल. तो चौथ्यांदाही नापास झाला. मी फोन करून मुद्दाम कळवलं, तर त्या म्हणाल्या, "पण भीती गेली ना त्याची." गेलीच होती. भीती गेली तसा अभ्यासही गेला. पुढे तो गावी परत जाऊन क्लास चालवायला लागला आणि बरा सुखात आहे, पण ते काही मी त्यांना कळवलं नाही.

विक्षिप्तपणाच्या आणखीही तऱ्हा होत्या, आणि त्या काही कुठल्या परदेशी बाईने शिकवलेल्या नव्हत्या. अकरा मजल्यांच्या नव्याकोऱ्या इमारतीत, वरून सगळं गुडगाव दिसायचं तिथे, यांनी घर घेतलं ते तळमजल्यावर, गटाराच्या झाकणाशेजारी. लिफ्टमध्ये कधी बसायच्या नाहीत. आमच्याकडे पाच मजले चढून यायच्या आणि धापा टाकत म्हणायच्या, "जिन्याने कंबर मोकळी होते." घरातल्या एकाही खोलीचं दार लावू द्यायच्या नाहीत. व्याही बिचारे सज्जन, मोठे साहेब, पण त्यांना स्वतःच्या घरात कडी लावून अंघोळ करायची परवानगी नव्हती. आणि मला सगळ्यांत लागलं ते गव्हाचं. आम्ही दरवर्षी सिहोरी गहू वर्षाचा भरत असू. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मानाने एक पोतं विहिणीकडे पाठवलं, चांगलं निवडून, कडुनिंबाचा पाला घालून. त्यांनी ते दाराच्या आत घेतलं नाही. गाड्या उभ्या करतात तिथे ठेवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी इमारतीच्या चौकीदारांना वाटून टाकलं. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "आईला घरात पोतं चालत नाही. अलर्जी आहे." पोत्याची अलर्जी मी जन्मात ऐकली नव्हती. पाकिटातलं पीठ खाणाऱ्यांना आमचा गहू हलका वाटला, एवढंच मी समजले, आणि ते मनात ठेवलं. माझ्या अंगात कुठे काही साठलं असेल तर ते हे पोतं.

मग नात झाली. सुनेचं बाळंतपण आमच्याकडेच झालं, कारण विहीणबाईंचं घर म्हणजे धर्मशाळा, सदा दारं उघडी. विहीणबाई दर दोन दिवसांनी यायच्या, पाच मजले चढून. यायच्या त्या थेट पाळण्याकडे. पोर झोपलेली असो, जागी असो, दुपटं बाजूला करायचं आणि दोन्ही पाय मुठीत धरायचे. पाय गरम लागले की चेहरा सैल व्हायचा. पण तेवढ्याने भागायचं नाही. तळव्याला बोटाने गुदगुली करायच्या, पोरीने पाय झाडला की मगच दुपटं टाकायच्या. तोवर पोर जागी होऊन किंचाळत असायची. त्या चहा पिऊन जायच्या आणि पुढचे दोन तास तिला खांद्यावर घेऊन मी फेऱ्या मारायच्या. हे सहा महिने चाललं. त्या जूनच्या दुपारी पोरीला ताप होता, रात्रभर झोपली नव्हती, नुकतं कुठे तिला झोपवून मी पाठ टेकली होती. विहीणबाई आल्या, दुपटं काढलं, पाय चोळले, गुदगुली केली. पोर उठली. आणि मी पण उठले.

"विहीणबाई," मी म्हणाले, "आजपासून माझ्या नातीच्या पायाला हात लावायचा नाही."

"मी फक्त बघत होते..."

"काय बघता? पाय कुठे पळून चाललेत तिचे? तुमचे ते गुडगावचे चाळे गुडगावला. ते लोक आपल्या पायांनी तुमच्याकडे येतात. हिला बोलता येत नाही म्हणून तुम्ही तिचा छळ मांडलाय."

सून मध्ये काही बोलणार होती, तिच्या आईनेच तिला हाताने थांबवलं. विहीणबाईंनी पर्स उचलली. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. "येते मी," एवढंच म्हणाल्या.

आता भांडण झालं म्हणून रीत सुटत नाही. विहिणीला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, आणि फाटकापर्यंत पोचवायला जायचं असतं. मी रागारागाने डब्यात बेसनाचे लाडू भरले आणि त्यांच्यामागे निघाले. त्या जिन्याकडे वळल्या. म्हणाल्या, "तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही लिफ्टने या, मी जिन्याने येते."

"मी लिफ्टने आणि तुम्ही जिन्याने? सोसायटी म्हणेल विहिणीला हाकलून दिलं. बसा आत."

त्यांनी त्या पेटीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं. आमच्या पिढीत मुलाच्या आईला नाही म्हणायची मुलीच्या आईला सवय नव्हती, मग ती हॉटेलच्या तळघरात शिकलेली का असेना. त्या आत शिरल्या. मी बटण दाबलं. पूर्वी आमची लिफ्ट जाळीच्या दाराची होती, हवा यायची. मुलांच्या कंपन्यांमध्ये असते तशी पोलादी दारांची हवी म्हणून सोसायटीने हौसेने बदलली होती. जनरेटरचा ठराव मात्र दर सभेत पडायचा, कारण तळमजल्यावाले हात वर करत नसत.

तर अशी मी त्यांना आत घातली होती, आणि आता त्या अंधारात ताठ होऊन बसल्या होत्या. मी त्यांचेच धडे त्यांना म्हणून दाखवले. श्वास सोडा म्हणाले. खांदे सैल सोडा म्हणाले. पाठीत दोन थापा घातल्या. काही नाही. घामाने आम्ही दोघी भिजलेल्या. मी त्यांना धरून आडवं करायला गेले आणि माझा हात त्यांच्या पावलाला लागला. जून महिन्यात, त्या भट्टीत, पाय बर्फासारखे गार.

आमच्या गावात कुणाला भोवळ येऊन भिरमिटलं, कुणाची दातखीळ बसली, तर काशाच्या वाटीने तळवे घासायचे. तूप लावायचं आणि घासायचं. मी जमिनीवर फतकल मारली, त्यांचे पाय मांडीवर घेतले. वाटी नव्हती, स्टीलचा डबा होता. तूप नव्हतं, तुपातले लाडू होते. दोन लाडू मुठीत कुस्करले आणि त्यांच्या तळव्यांना चोळले, मग डब्याच्या बुडाने घासायला लागले. मुलाच्या आईने मुलीच्या आईच्या पायांना हात लावणं आमच्या सात पिढ्यांत झालं नसेल, आणि बेसनाच्या लाडवाने तर कुणाच्याच. तोंडाने माझं चालूच होतं. "जीव देताय होय माझ्या लिफ्टमध्ये? लेकीला काय सांगू मी? उठा, श्वास घ्या, उगाच सोंगं नकोत." मी अशी किती वेळ घासत होते सांगता येत नाही. मग माझ्या हातात त्यांचा डावा पाय हलल्यासारखा वाटला. आधी अंगठा, मग पाऊल, मग पोटरी. आणि दोन्ही पाय लटलट कापायला लागले. मी घाबरून हात काढून घेतला.

"सोडू नको," अंधारातून आवाज आला. विहीणबाईंचा होता, पण लहान पोरीसारखा. "शकू, पाय हलव. हलव ना पाय."

"कोण शकू?" मी म्हणाले. "मी आहे. तुमची विहीण."

त्यांनी मोठा, भात्यासारखा श्वास घेतला. मग आणखी एक. मी पाय धरूनच ठेवले. आणि ते कापत असतानाच त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, जसं आठवेल तसं.

बार्शीला त्यांच्या वडिलांची भुसार मालाची वखार होती. ज्वारीच्या पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत. शकू त्यांची धाकटी बहीण. दोघी लपंडाव खेळत होत्या. दोन थप्प्यांच्या मधली फट लपायला चांगली, ती यांनीच शकूला दाखवली आणि मागोमाग स्वतः शिरल्या. वरची पोती घसरली. थप्पी खाली बसली. यांना हलता येईना, फक्त एक हात पुढे जात होता, आणि त्या हाताला शकूचा पाय लागत होता. हमाल जेवायला गेले होते. शकू आधी पाय झाडत होती. मग नुसती थरथरत होती. "पाय थरथरत होता तोवर ती होती," विहीणबाई म्हणाल्या. "मला कळत होतं. मी म्हणत होते, थरथर, थांबू नको. मग तो थांबला. मी धरून ठेवला होता तरी गार झाला."

मी डब्यातला एक लाडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो अंधारात खाल्ला. मग मी विचारलं, "गव्हाचं पोतं?"

"वास येतो हो मला," त्या म्हणाल्या. "पोत्याच्या किलतानाचा. घरात नाही घेऊ शकले. तुम्हाला राग आला असेल."

"नाही," मी खोटं बोलले.

"मेधाला सांगू नका." मेधा म्हणजे माझी सून. आपल्याला एक मावशी होती हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं.

पाऊण तासाने आमचा चौकीदार रामसूरत जेवून आला, त्याने गच्चीवरच्या मोटारीचं चाक हाताने फिरवून लिफ्ट तिसऱ्या मजल्याला आणली आणि पहार घालून दार उघडलं. उजेडात त्याला दिसल्या त्या फरशीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्या, एकीच्या मांडीवर दुसरीचे पाय, आणि पायांना सगळं बेसन. "अम्मा, यह क्या हुआ," तो म्हणाला.

"कुछ नहीं," मी म्हणाले. "समधनजी के पाँव दुख रहे थे."

यामुळे माझा त्या सतरंजीवरच्या थरथरण्यावर विश्वास बसला असं कुणी समजू नये. बँकेच्या मॅनेजरच्या पोटात काय अडकलं होतं ते जेवणच होतं, असं मी आजही म्हणेन. पाच दिवसांत शिकून माणसांच्या टाचांमधली भीती वाचता येत नाही. विहीणबाईंनाही येत नव्हती. त्यांना एकच गोष्ट कळत होती आणि तीच त्या सगळ्या जगात शोधत फिरत होत्या. वर्गात त्या ओळींमधून हिंडायच्या, एकेकाच्या पावलाला हात लावायच्या, पाय कापतोय बघून पुढे सरकायच्या. लोकांना वाटायचं बाई उपचार करतेय. बाई आपली हजेरी घेत होती.

चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या, जिन्याने. पोर झोपली होती. त्या पाळण्यापासून लांबच्या खुर्चीवर बसल्या, दोन्ही हात मांडीवर. मी चहा ठेवला. त्या उन्हाचं बोलल्या, टँकरच्या पाण्याचं बोलल्या, पाळण्याकडे बघितलं नाही. शेवटी मलाच राहवेना. मी उठून पोरीचं दुपटं वर केलं.

"या," म्हणाले. "बघा. गरम आहेत."

त्यांनी दोन्ही पाय मुठीत घेतले. गुदगुली केली नाही. पोरीने झोपेतच एक पाय झाडला, आणि झोपलेलीच राहिली.

पुढच्या वर्षीपासून मी त्यांचा गहू दळून, डब्यांत भरून पाठवायला लागले. त्यांनी कधी त्याचा विषय काढला नाही, मीही नाही. आता आमच्या सोसायटीत जनरेटर आहे, नात कॉलेजात जाते, आणि विहीणबाई गेल्यालाही बरीच वर्षं झाली. थंडीत अंथरुणावर पडते तेव्हा कधीकधी माझे पाय गार पडतात, आणि ते कुणी धरत नाही. मेधा हे वाचेल. वाचू दे, तिला ठाऊक असायला हवं. बार्शीच्या वखारीत थप्पी कोसळली तेव्हा तिच्याखाली दोघी बहिणी होत्या. शकू सहा वर्षांची होती आणि मेधाची आई नऊ वर्षांची. तिची आई जगली.